भय, गूढ आणि रहस्य: या तिघांना एका कपाटात कुणी कोंडलं?

मराठी वाचनालयांत एक ठरलेलं कपाट असतं. त्यावर चिठ्ठी डकवलेली असते: 'भय-गूढ-रहस्य'. वाचनालयाचा वर्ग 'अ' असो की 'ड', गाव घाटावरचं असो की घाटाखालचं, चिठ्ठी तीच. आत नारायण धारपांचा समर्थ मांत्रिकांशी झुंजत असतो, त्याला खेटून मतकऱ्यांच्या गूढकथा, त्यांच्या मांडीवर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, आणि या गर्दीत अंग चोरून शेरलॉक होम्स, पायरो आणि मिस मार्पल. प्रकाशकांच्या सूचीतही हाच कप्पा, दिवाळी अंकांच्या जाहिरातींतही हाच, आता ऑनलाइन दुकानांतही हाच. कपाटातल्या लेखकांबद्दल माझी तक्रार नाही. धारप मी रात्री दिवा लावून वाचलेले आहेत आणि मतकऱ्यांचा तर चाहता आहे. तक्रार चिठ्ठीबद्दल आहे. ती चिठ्ठी खोटं बोलते, आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात ते खोटं महागात पडतं.

गूढ म्हणजे जे उलगडायचं नसतं ते. उलगडलं तर मजा गेली. रहस्य म्हणजे जे उलगडलंच पाहिजे ते. नाही उलगडलं तर वाचक पुस्तक भिंतीवर फेकेल, आणि बरोबर करेल. एकात शेवटी दार किलकिलं राहतं आणि पलीकडे काळोख असतो. दुसऱ्यात शेवटी दार सताड उघडतं आणि पलीकडे कुणीतरी माणूस उभा असतो, बहुधा ज्याच्या हातचा चहा आपण सकाळीच प्यायलो तो. हे दोघे शेजारी नव्हेत, वैरी आहेत. ज्या इंग्रजांनी या प्रकाराला नियम घालून दिले त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र दोघांचं लग्न लावून दिलं आणि वर संसार सुखाचा चाललाय असंही समजतो.

आधी एका लोकप्रिय उत्तराचा समाचार घेतो. होम्स छापून आल्याला सव्वाशे वर्षं उलटली, क्रिस्टीबाईंची पहिली कादंबरी १९२०ची, तरी लोक अजून हे का वाचतात? समीक्षक सांगतात, दिलासा मिळतो म्हणून. टुमदार खेडं, चर्च, बाग, चारचा चहा. मध्येच एक प्रेत पडतं. मग कुणीतरी हुशार माणूस येऊन गुन्हेगार शोधतो आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसतं. कवी ऑडेनने १९४८ साली याच अंगाने एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याआधी तीन वर्षं एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने तर रॉजर अॅक्रॉयडला कुणी मारलं याच्याशी कुणाला काय देणंघेणं, असं शीर्षकातच विचारून घेतलं होतं. तेव्हापासून 'सुखावणारं वाचन' हा शिक्का बसला तो बसलाच. आपल्याकडे तो 'टाइमपास' या शब्दात आला.

मला हे उत्तर कधीच पटलं नाही. ते इंग्लंडच्या वाचकाला कदाचित लागू असेल. ज्याला ते खेडं आपलं वाटतं, निदान आपल्या आजीचं वाटतं, त्याला दिलासा मिळत असेल. फोंडाघाटात बसून वाचणाऱ्याला त्या चहाचं आणि गुलाबांच्या वाफ्यांचं काय कौतुक? आम्ही ती पानं भराभर उलटतो. आम्ही थांबतो ते वेगळ्याच ठिकाणी: मृत्युपत्र कुणाच्या नावाने आहे, वाटणी झाली होती की नव्हती, मोठ्या भावाचं धाकट्याशी बोलणं का बंद होतं, आणि बाई गेली त्या दिवशी दुपारी घरात नक्की कोण कोण होतं.

नकाशात सेंट मेरी मीड कुठेच नाही, पण ज्यांना फोंडाघाट माहीत नाही त्यांना तरी सांगतो की हे कणकवली तालुक्यातलं, घाटाच्या पायथ्याचं गाव. देवगड-निपाणी रस्ता इथून वर चढतो, दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीला आणि पुढे कोल्हापूरकडे जातो. येणाऱ्याजाणाऱ्याची सतत वर्दळ, तरीही गाव आपलं आपल्यातच. तिठ्यावर कोण कुठल्या गाडीतून उतरलं ते तासाभरात वाडीत पोचतं. मिस मार्पलची सगळी पद्धत यावरच तर उभी आहे. बाई लंडनला शिकायला गेली नव्हती. तिच्याकडे भिंग नाही की प्रयोगशाळा नाही. तिच्याकडे आहे ती गावातल्या माणसांची आठवण. हा पाहुणा मला आमच्या मासळीवाल्याच्या पोरासारखा दिसतो, आणि तो पोर कसा पैशाचा घोळ करायचा ते मला ठाऊक आहे, एवढ्या शिदोरीवर ती खुनी पकडते. पडवीत बसून शेंगा सोलणारी कोकणातली कुठलीही आजी हेच करते. फक्त ती ते लग्न जमवायला किंवा मोडायला वापरते. खुनासाठी तिला कुणी विचारत नाही.

का विचारत नाही? कारण आमच्याकडे खून होतच नाहीत. आमच्याकडे माणसं 'जातात'.

कुणी विहिरीत सापडला की 'बाव धरता'. कुणी सड्यावर संध्याकाळी गेला आणि सकाळी सापडला की चकवा, नाहीतर देवचार. तरुण सून एकाएकी गेली की तिला कुणीतरी 'केलेलं' असतं, म्हणजे करणी. आणि 'केलेलं' हे क्रियापद इतकं सोयीचं की कर्ता सांगावाच लागत नाही. आमच्याच नात्यातल्या एका घरात, मी शाळेत असताना, एक माणूस विहिरीत गेला. जमिनीचा वाद चालू होता हे अख्ख्या वाडीला माहीत होतं. पंचनामा झाला. पंच म्हणून ज्या दोघांनी सह्या केल्या त्यांतल्या एकाने पुढे अनेक वर्षांनी मला सांगितलं, "आमी बावीकडे गेलंवच नाय. कागद पडवीतच आणल्यानी." त्या विहिरीला अजूनही लोक वाईट म्हणतात. बिचारी विहीर.

मी असं म्हणत नाही की तो खून होता. मला माहीत नाही, आणि माहीत नाही हाच मुद्दा आहे. कायद्यात याची सोय आहे. अकस्मात मृत्यूची नोंद घ्यायची, मृत्यूचं कारण पाहायचं, पंचांसमक्ष पंचनामा करायचा. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम १७४ होतं, जुलै २०२४पासून नव्या संहितेत ते १९४ झालं. गावात पहिली खबर द्यायची ती पोलीस पाटलाने. मुंबईत तर इंग्रजांच्या वेळेपासून वेगळं कॉरोनर कोर्ट होतं, ते १९९९ साली बंद झालं. कागदावर सगळी यंत्रणा आहे. पण पंच नावाचा माणूस जर पाहायलाच तयार नसेल तर यंत्रणा काय करील? इंग्रजी रहस्यकथा वाचकाला बळेच पंच बनवते. हा मृतदेह, हे घड्याळ, ही अर्धवट जळलेली चिठ्ठी, ही बंद खिडकी. बघ. नीट बघ. सही नंतर कर. तिच्या दीर्घायुष्याचं माझ्यापुरतं कारण हे. ती वाचकाला झोपवत नाही, साक्षीला उभं करते.

आता 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'कडे वळू. (इथून पुढे दोन-तीन पुस्तकांचे शेवट फुटणार आहेत. त्यांतलं सर्वात नवं १९६१चं आहे, तेव्हा माफी मागत नाही.) १९०१-०२ साली क्रमशः छापून आलेली ही कादंबरी कोकणी माणसाला समजावून सांगावीच लागत नाही. डार्टमूर म्हणजे सडा. उघडा, ओसाड, दगड आणि दलदल, रात्री कुणी फिरकत नाही. घराण्याला जुना शाप. पूर्वजाने पाप केलं म्हणून एक राक्षसी कुत्रा वंशजांच्या मागे लागलेला. गावकऱ्यांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला आहे, त्याच्या तोंडातून आग निघते. शहरातून आलेला शिकलेला डॉक्टरही निम्मा विश्वास ठेवून बसलेला. आणि घराण्याचा प्रमुख भेदरून मेलेला, अंगावर जखम नाही.

आपल्याकडे ही गोष्ट इथेच संपली असती. शापाला बळी गेला, राखणदाराला काहीतरी कमी पडलं, गाऱ्हाणं घाला. होम्स मात्र विचारतो, आता ही इस्टेट कुणाला मिळणार? कुत्रा खराच निघतो. हाडामांसाचा, लंडनला विकत घेतलेला, तोंडाला चकाकणारं रसायन फासलेला. आणि मालक निघतो एक भाऊबंद, नाव बदलून शेजारी राहणारा, वारसाहक्काच्या रांगेत उभा असलेला. भाऊबंद! मला कधीकधी वाटतं, कॉनन डॉइल एखादा पावसाळा कणकवलीत काढून गेला असावा.

या कादंबरीतली खरी धारदार गोष्ट कुत्रा नाही, शाप आहे. खुन्याने शापाची दंतकथा रचलेली नाही. ती गावात तयारच होती. त्याने ती फक्त वापरली. लोकांचं भय हे त्याचं हत्यार, आणि भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक भाबडा गावकरी हा त्याचा नकळतचा साथीदार. आता आमच्याकडच्या 'वाईट' जागा आठवून पाहा. ते परडं, जिथे कुणी जात नाही. ती पडकी घरवट, जिथे दिवा लावायला वारस धजत नाहीत. मुंबईला असलेल्या चाकरमान्याला गावाहून फोन येतो की त्या जागेचं काही करू नका, बरं नाही. पाच-दहा वर्षांनी त्याच जागेचा सातबारा काढून बघावा. नेहमीच काही निघेल असं नाही. पण बघावा.

याच काळात दूरचित्रवाणीने कोकणाचं काय केलं ते सांगायला नको. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' आली, मग तिचे आणखी दोन भाग आले. आकेरीचं ते घर बघायला लोक गाड्या करून येऊ लागले. अभिनय उत्तम होता, मालवणी बोली घराघरांत पोचली, आमची नटमंडळी मोठी झाली, याचा मला आनंदच आहे. पण सिंधुदुर्ग म्हणजे दशावतार, मासे आणि भुतं हे समीकरण अधिकच घट्ट झालं. 'कोकण आणि भुतं' हा आता पर्यटनाचा माल आहे. त्यावर आक्षेप घेतला की उत्तर येतं, ही आपल्या मातीतली गोष्ट आहे हो, तुमचा होम्स परका. मातीतली आहे हे खरं. वाळवीही मातीतलीच असते.

परकेपणाचा हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. या इंग्रजी कथांत नोकर मूर्ख असतात, परदेशी संशयित असतात, ज्यू माणसाबद्दल जे लिहिलेलं असतं ते आज वाचवत नाही. हिंदुस्थान तर त्यांना विषारी वस्तूंचं गोदाम वाटतो. १८९२च्या 'स्पेकल्ड बँड'मध्ये कलकत्त्याला राहून आलेला डॉक्टर एक भारतीय साप पाळतो. तो साप बशीतलं दूध पितो, शीळ ऐकून परत येतो आणि घंटेच्या दोरीवरून चढतो-उतरतो. सापाला हवेतून आलेली शीळ आपल्यासारखी ऐकू येत नाही आणि दूध हे त्याचं अन्नच नव्हे. अशी गोष्ट डॉइलने लिहावी आणि ती त्याची स्वतःची आवडती असावी! नागपंचमीला वाटी घेऊन बसणाऱ्या आपल्या लोकांत आणि त्याच्यात इथे काही फरक उरत नाही. साम्राज्याची अंधश्रद्धा बुद्धिवादाच्या कोटाखालून अशी डोकावते.

आणि डॉइल हा तर या बाबतीत इरसाल नमुना. होम्सचा बाप, पण स्वतः मृतात्म्यांशी बोलण्यावर गाढ विश्वास. दोन मुलींनी कागदी पऱ्या कापून काढलेले फोटो त्याने खरे मानले, १९२०च्या डिसेंबरात त्यावर लेख लिहिला, पुढे पुस्तकही काढलं. असा माणूस १९२४ साली 'ससेक्स व्हॅम्पायर' लिहितो. तान्ह्या मुलाच्या मानेला तोंड लावलेली आई दिसते, तोंडाला रक्त. ती परदेशी, पेरूची. झालं, घरात कुजबुज सुरू होते की बाई रक्त पिते. होम्स आपल्या कामात भुताखेतांना जागा नाही असं ठणकावतो आणि दाखवून देतो की बाई विष ओढून काढत होती. विषारी बाण टोचणारा होता नवऱ्याचा पहिल्या बायकोचा मुलगा. आपल्याच राज्यात, नंदुरबारकडे सातपुड्यात, बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. तिथल्या एखाद्या शाळेत ही गोष्ट मुलांना वाचून दाखवावी. लेखक पऱ्या मानत होता, पण कथेच्या प्रकाराने त्याला मानू दिल्या नाहीत. प्रकाराची ताकद म्हणतात ती ही.

ही ताकद पुढे नियमांत बांधली गेली. १९२९ साली रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. दुसरीच आज्ञा: कुठल्याही अलौकिक शक्तीला कथेत काम नाही. हा नॉक्स कोण? कॅथलिक धर्मगुरू, पुढे ज्याने अख्खं बायबल नव्याने इंग्रजीत आणलं. १९३०च्या सुमारास लंडनात डिटेक्शन क्लब निघाला, चेस्टरटन त्याचा पहिला अध्यक्ष, तोही तोवर कट्टर कॅथलिक झालेला. सभासदाला शपथ घ्यावी लागे की माझा गुप्तहेर दैवी साक्षात्कार, मंत्रतंत्र, योगायोग अशा कुबड्या घेणार नाही. चेस्टरटनचा फादर ब्राउन १९१०च्या पहिल्याच कथेत खोट्या पाद्र्याला ओळखतो ते कशावरून? तो बुद्धीला कमी लेखतो यावरून. खरा धर्मगुरू तसं करणार नाही, म्हणे. देव मानणाऱ्यांनी रहस्यकथेतून देवाला सुट्टी दिली, कारण खुनाचा जाब माणसाला विचारायचा असतो एवढी अक्कल त्यांना होती. तेव्हा आमच्या ग्रामदेवतेच्या कौलाला मी हात लावतोय असं कुणी समजू नये. कौल घ्या, पालखी नाचवा. पंचनाम्याच्या वेळी मात्र तरंग देवळात राहू द्या.

हे सगळं नुसतं पुस्तकी आहे असं वाटत असेल तर २० ऑगस्ट २०१३ आठवा. पुण्यात, सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुलावर गोळ्या घातल्या. चार दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. तपास रेंगाळला. पुढच्या वर्षी एका इंग्रजी साप्ताहिकाने आरोप छापला की खुन्यांचा माग काढायला पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतला. संबंधित अधिकाऱ्याने तो साफ नाकारला, आणि खरंखोटं करणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण महाराष्ट्राने तो आरोप वाचला आणि त्याला तो अशक्य वाटला नाही, हे जास्त भयंकर आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्याचा खून, आणि तपासाला प्लँचेट! नॉक्सने अशी कथा परत पाठवली असती. मे २०२४मध्ये निकाल लागला; दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. कट रचणारे कोण हा प्रश्न निकालानंतरही विचारला गेलाच. फेब्रुवारी २०१५मध्ये कोल्हापुरात, म्हणजे आमच्या घाटाच्या माथ्यापासून तास-दीड तासावर, कॉ. गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचा तपास किती वर्षं चालला ते तुम्हीच मोजा.

आता क्रिस्टीबाईंच्या एका पुस्तकावर जरा रेंगाळतो, कारण माझ्या भांडणातला तो सर्वात भक्कम साक्षीदार आहे. १९६१चं 'द पेल हॉर्स'. एका खेड्यात तीन बायका राहतात. त्या मंत्राने माणसं मारतात अशी बोलवा आहे. पैसे मोजा, त्या विधी करतील, आणि दूर कुठेतरी तुमचा नकोसा नातेवाईक आजारी पडून मरेल. माणसं खरंच मरतात, नैसर्गिक वाटणाऱ्या वेगवेगळ्या आजारांनी. सुशिक्षित नायकाच्याही अंगावर काटा येतो. मग एक बारीक गोष्ट ध्यानात येते: मेलेल्या सगळ्यांचे केस गळत होते. थॅलियम. मंत्र म्हणजे पडदा. पडद्याआड नेहमीच्या वापरातल्या वस्तूंतून विष पोचवणारी माणसं.

बाईंना विषं कळत होती, कारण पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं बनवायच्या खोलीत काम केलं होतं. त्यांच्या पहिल्याच कादंबरीत स्ट्रिक्नीन आहे, आणि ते कसं साधतं याची रसायनशास्त्रीय खुबीही. (स्ट्रिक्नीन मिळतं काजऱ्याच्या बियांतून. काजरा आमच्या रानात आपणहून उगवतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत.) तर, १९७७ साली कतारहून एका एकोणीस महिन्यांच्या बाळाला लंडनच्या रुग्णालयात आणलं. डॉक्टरांना निदान होईना. एक परिचारिका तेव्हा 'द पेल हॉर्स' वाचत होती. तिने बाळाचे केस पाहिले आणि थॅलियमचं नाव घेतलं. तपासणीत तेच निघालं. घरातल्या कीटकनाशकातून पोटात गेलेलं. बाळ वाचलं. आता सांगा, टाइमपास कुठला?

आणि २०२३. गडचिरोली जिल्हा, अहेरी तालुका, महागाव. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जेमतेम तीन आठवड्यांत एका कुटुंबातले पाच जण गेले. एकामागून एक, अंग बधिर होत, दुखत. असं एखाद्या घरात घडलं की आपल्याकडे पहिला शब्द कुठला उच्चारला जातो ते मी लिहीत नाही, तुमच्या ओठांवर आलेलाच आहे. पोलिसांनी शंका घेतली, आणि घरातल्याच दोन बायकांना अटक झाली. थॅलियम दिलं असा आरोप, कारण जमिनीचा वाद आणि घरातला अपमान. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण कुणीतरी डॉक्टरने, कुणीतरी अधिकाऱ्याने 'एवढी माणसं अशी कशी मरतात?' हा सरळ प्रश्न विचारला म्हणून ते आज न्यायालयात आहे. १९७२ ते ७४ दरम्यान परभणी जिल्ह्यात मानवतला बायका आणि मुली मारल्या गेल्या, तेव्हाही हेच. गुप्तधन, पिंपळ, बळी अशा कथा गावभर होत्या. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी गेले. ज्यांच्याबद्दल 'भारताचे शेरलॉक होम्स' असं लिहिलं जाई ते हेच. त्यांनी पिंपळाला काही विचारलं नाही. माणसांना विचारलं. वरच्या न्यायालयांत काहींची फाशी कायम राहिली, काही सुटले, ते वेगळं प्रकरण. पण २०२४मध्ये त्यावर मालिका आली तेव्हा मी भीत भीत पाहिली की आता हे त्यात भूत घालतात की काय.

मग मराठीत स्वतःचा होम्स, स्वतःची मार्पल का झाली नाही? बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्यायांनी १९३२ साली ब्योमकेश उभा केला, सत्यजित राय यांनी १९६५ साली फेलूदा. हे दोघे तिथल्या साहित्याच्या मधल्या खोलीत बसणारे लेखक, आणि गुप्तहेराला त्यांनी मधल्या खोलीतच पाट मांडला. १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश आला तेव्हा आपण तो डोळे लावून पाहिला. तेवढ्यावरच थांबलो.

आपल्याकडे सुरुवात वाईट नव्हती. गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना असा मराठी साज चढवला की वाचणाऱ्याला मूळ परकं आहे याचा पत्ता लागू नये. पण रेनॉल्ड्स म्हणजे भुयारं, कारस्थानं, वेषांतरं. पुराव्याचं शास्त्र त्यात कमी. पुढे अर्नाळकर. मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६ ते १९९६. हजाराहून अधिक कादंबऱ्या. त्यांच्यामुळे किती पिढ्यांना वाचनाची चटक लागली याचा हिशेब नाही, आणि साहित्यिक दरबाराने त्यांना दारात उभं ठेवलं याची लाज दरबाराला वाटायला हवी. पण झुंजार आणि काळापहाड ही पिस्तुलाची परंपरा आहे, सुगाव्याची नव्हे. ते इंग्रजीतलं धाडस घेऊन आले. जी शांत, हट्टी, खोलीतल्या धुळीकडे बघत बसणारी शाखा होती ती तिकडेच राहिली. ती आणायचं काम कुणी दरबाऱ्याने करायला हवं होतं. त्यांना ते पोरकट वाटलं. भाषांतरं होत राहिली, काही तर छान झाली, पण मुखपृष्ठावर कवटी, मेणबत्ती आणि पांढऱ्या साडीतली बाई. एका क्रिस्टीच्या भाषांतरावर मी वटवाघूळ पाहिलंय. पुस्तकभर वटवाघूळ नाही.

कोकणातल्या एका बाईच्या हातात हा प्रकार यावा अशी माझी फार इच्छा आहे. निवृत्त शिक्षिका चालेल, पोस्टातली चालेल, आरोग्य खात्यातली परिचारिका तर फारच उत्तम. तिला अवसार येणार नाही. तिला गावातली सगळी लग्नं, सगळ्या वाटण्या, कुणाचं कुळ कुठल्या जमिनीवर लागलं आणि कुणाचं मुद्दाम लागू दिलं नाही, हे पाठ असेल. ती मालवणीत विचारील, "तेना त्या दिसा जेवान खंय केल्यान?" आणि उत्तराच्या आधीच्या क्षणभराच्या गप्पगारपणावरून ओळखील. असं पुस्तक आलं तर ते कुठल्या कपाटात जाणार याची मला आतापासूनच काळजी आहे.

तोवर निदान एवढं करता येईल. वाचनालयांच्या खरेदी समित्यांनी दोन चिठ्ठ्या छापाव्यात. भय आणि गूढ एकत्र राहू देत, त्यांचं पटतं. रहस्याला वेगळी फळी द्या, जमल्यास कायदा आणि विज्ञानाच्या शेजारी. दाभोलकरांची पुस्तकं त्याच फळीवर ठेवा, त्यांनाही सोबत चांगली मिळेल. आणि 'द पेल हॉर्स' कुणी कधी परत आणून दिलं तर मुखपृष्ठ बघून चुकून जुन्या कपाटात ढकलू नका. त्या प्रतीवर पांढरा घोडा आणि चंद्र असेल, पण आत शेवटी एक औषधवाला आहे.